कासव की लांडगा : सहकारी ऑनलाइन खेळात आपली आवड आणि संघाची गरज यांचा हिशेब कसा मांडावा

आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या मंडळात, नाशिकचे एक दादा हंटर, म्हणजे शिकारी, खेळत. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, स्वभावाने शांत, आणि त्यांच्याबरोबर कायम एक कासव. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातला हंटर पाळीव प्राणी घेऊन फिरतो आणि कोणता प्राणी पाळायचा हे वरवर पाहता ज्याच्या त्याच्या आवडीवर असते. अडचण एवढीच होती की 'शॅडोलँड्स' या विस्ताराच्या काळात, म्हणजे २०२० ते २०२२ या वर्षांत, प्राण्याची जात ठरली की त्याचे कौशल्यही ठरून जात असे. लांडग्यासारखे 'फेरॉसिटी' गटातले प्राणी सगळ्या संघाचा हल्ल्यांचा आणि मंत्रांचा वेग ४० सेकंदांसाठी ३० टक्क्यांनी वाढवू शकत. या शक्तीला खेळाडू सरसकट ब्लडलस्ट म्हणतात. कासव 'टेनॅसिटी' गटातले, त्यामुळे त्याच्याकडे ती नव्हती. डंजनमध्ये, म्हणजे पाच जणांनी मिळून पार करायच्या मोहिमेत, दुसऱ्या कोणाकडेही ती नसली की प्रश्न उभा राहायचा : दादांनी कासव घरी ठेवावे का?

चार-पाच वर्षे गिल्डच्या रेड, म्हणजे दहा ते तीस जणांच्या मोठ्या मोहिमा, चालवताना असे प्रश्न माझ्यासमोर शेकड्याने आले. 'माझे पात्र, माझी मर्जी' आणि 'संघात आहेस तर सांगू ते घे' ही दोन्ही उत्तरे मी दिलेली आहेत, आणि दोन्हींमुळे माणसे दुखावलेली पाहिली आहेत. आता माझा सल्ला असा असतो की आवडीची किंमत संघाच्या वेळेतून वसूल होते, तेव्हा ती आधी मोजावी, आधी सांगावी आणि शक्य तेवढी स्वतः भरावी. हे प्रत्यक्षात कसे करायचे ते पुढे सांगतो. उदाहरणे बहुतेक 'वॉरक्राफ्ट'ची आहेत, कारण नोव्हेंबर २००४ पासून चालू असलेल्या या खेळाइतका हा वाद दुसरीकडे क्वचितच घासूनपुसून झाला असेल.

आधी मंडळी कोणती ते पाहा

बिल्डचा, म्हणजे पात्रासाठी निवडलेल्या गुणांच्या जुळणीचा, विचार करण्यापूर्वी आपण कोणाबरोबर आणि कोणत्या पातळीवर खेळतो आहोत हे स्पष्ट करून घ्यावे, कारण तेच बिल्ड एका ठिकाणी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी वीस जणांची रात्र वाया घालवते. संगणकाने आपोआप जुळवलेल्या गटात, म्हणजे रेड फाइंडर किंवा साध्या डंजनच्या रांगेत, कठीणपणाला इतकी सूट ठेवलेली असते की तिथे कोणी तुमचे टॅलेंट (निवडलेले गुण) तपासू लागला तर त्याच्याकडे निश्चिंतपणे दुर्लक्ष करावे. उलट एखाद्याने गट जाहीर करतानाच 'हे हवे, ते नको' असे लिहिले असेल, तर ती अट वाचून आत शिरणाऱ्याने नंतर स्वातंत्र्याची भाषा करू नये. अट पटत नसेल तर अर्जच करू नये, किंवा आपला गट आपण काढावा. मी स्वतः अनेकदा तसे केले आहे आणि गट भरायला वेळ लागला तरी रात्र चांगली गेली आहे.

कायमच्या गिल्डमध्ये हिशेब थोडा गुंतागुंतीचा असतो आणि तिथे जागांचा नियम समजून घ्यावा लागतो. रेडच्या नॉर्मल आणि हिरॉइक पातळीवर १० ते ३० यांतील कितीही खेळाडू चालतात आणि खेळाडूंच्या संख्येप्रमाणे बॉसचे, म्हणजे मुख्य शत्रूचे, बळ कमी-जास्त होते. तुम्ही सतरावे म्हणून आलात तर कोणाची जागा जात नाही. आपल्या वाट्याचे काम आपण उरकले की देणेघेणे मिटते. मिथिक या सर्वांत कठीण पातळीवर मात्र २०१४ पासून नेमके २० खेळाडू लागतात. तिथे एकविसावा माणूस बाहेर बसलेला असतो, त्यानेही रात्रीचे जेवण लवकर आटोपलेले असते, आणि तुमच्या आवडीची किंमत ठरवताना त्या बाहेर बसलेल्या माणसाला विसरून चालत नाही. माझ्या मते नॉर्मल आणि हिरॉइकमध्ये संशयाचा फायदा आवडीला द्यावा आणि मिथिकमध्ये तो संघाला द्यावा. अर्थात गिल्डने आधीच काही ठरवले असेल तर प्रश्नच मिटला.

'सर्वोत्तम' हा आकडा कुठून येतो

अमुक बिल्ड सर्वोत्तम आहे असे कोणी सांगितले की तो आकडा कसा निघाला हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. बहुतेक वेळा तो 'सिम्युलेशनक्राफ्ट' या प्रोग्रॅममधून आलेला असतो. 'रेडबॉट्स' या संकेतस्थळावर आपल्या पात्राची माहिती चिकटवली की हाच प्रोग्रॅम पडद्यामागे हजारो वेळा लढाई खेळून सरासरी काढून देतो. त्याच्या मूळ मांडणीतल्या लढाईचे नाव 'पॅचवर्क' आहे, आणि हे नाव 'नॅक्सरामस'मधल्या एका बॉसवरून घेतलेले आहे, जो फारसे काही न करता एका जागी उभा राहून जोरात मारतो. म्हणजे सुमारे पाच मिनिटे एक निश्चल शत्रू, त्याच्यासमोर एक निश्चल खेळाडू, हाताची चूक नाही, पायाखाली आग नाही, आणि मध्येच दाराची बेल वाजत नाही. हा आकडा खोटा नव्हे. परंतु तो मर्यादित प्रश्नाचे उत्तर आहे. लढाईत सतत पळावे लागत असेल किंवा शत्रू एकाऐवजी पाच असतील, तर सिममध्ये, म्हणजे या प्रोग्रॅममध्ये, लढाईचा प्रकार बदलून पुन्हा आकडा काढावा आणि तो इतरांच्या नव्हे तर स्वतःच्या पात्राचा काढावा. दोन टॅलेंटमधला फरक एका पात्रात ४ टक्के असतो आणि अंगावरचे साहित्य बदलले की तोच फरक एका टक्क्यावरही येऊ शकतो.

आपल्याकडून खेळणाऱ्यांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे, जो परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही. 'वॉरक्राफ्ट'चा सर्व्हर भारतात नाही. आमचे गिल्ड युरोपीय सर्व्हरवर होते. तिथल्या रात्री आठच्या रेडसाठी नाशिक-पुण्याची मंडळी हिवाळ्यात साडेबाराला आणि उन्हाळ्यात साडेअकराला बसत, आणि नेदरलँड्समध्ये राहणारी आमची एक ताई मात्र नुकती जेवून उठलेली असे. आपल्या संगणकापासून युरोपपर्यंत संदेश जाऊन येण्यास शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज लागतात, आणि वायफाय कुरकुरले की त्याहून जास्त. दीड-दोन सेकंदांचा मंत्र ऐन वेळी तोडायचा असेल, किंवा दहा-बारा सेकंदांच्या खिडकीत जास्तीत जास्त वार बसवायचे असतील, तर हा उशीर जाणवतो. मी मेज, म्हणजे जादूगार, खेळताना सिम त्याच्या फायर आणि फ्रॉस्ट या प्रकारांपैकी फायरला वर दाखवत होते, पण फायरचा सगळा जोर 'कम्बशन' या शक्तीच्या लहानशा खिडकीत असल्याने माझ्या प्रत्यक्ष नोंदींमध्ये फ्रॉस्ट वर राहत असे. 'आवडीसाठी फ्रॉस्ट खेळतो' असा शिक्का माझ्यावर बसला होता. वस्तुतः माझ्या परिस्थितीत तेच सर्वोत्तम होते. म्हणून सिमच्या आकड्याबरोबर स्वतःच्या मागील दहा-बारा लढायांच्या नोंदी काढाव्यात आणि दोन्ही जुळत नसतील तर नोंदींवर विश्वास ठेवावा.

नोंदी वाचतानाही सावध असावे. 'वॉरक्राफ्ट लॉग्ज' हे लढायांच्या नोंदींचे संकेतस्थळ प्रत्येक खेळाडूला रंगीत क्रमांक देते : २५ च्या खाली करडा, ५० च्या खाली हिरवा, मग निळा, ७५ पासून जांभळा, ९५ पासून नारिंगी, ९९ ला गुलाबी आणि १०० ला सोनेरी. हा क्रमांक तुमची तुलना तुमच्याच स्पेकच्या (पात्राच्या उपप्रकाराच्या) इतर खेळाडूंशी करतो. तेव्हा जांभळा रंग मिळाला याचा अर्थ तुम्ही ते स्पेक चांगले खेळता एवढाच. ते स्पेक संघाला परवडते की नाही याबद्दल तो रंग काहीही बोलत नाही. दोन्ही बाजूंचे लोक ही गफलत करतात.

किंमत मोजण्याची रीत

यासाठी कागद, पेन आणि शाळेतले गणित पुरते. समजा, तुमच्या आवडीच्या बिल्डमुळे तुमचा मारा ५ टक्क्यांनी कमी होतो. पाच जणांच्या डंजनमध्ये मार झेलणारा एक टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि तीन मारा करणारे असतात. ढोबळमानाने त्या तिघांचा वाटा प्रत्येकी ३० टक्के आणि उरलेले १० टक्के टँक व हीलर यांचे, असे धरू. तुमच्या ३० चे ५ टक्के म्हणजे संघाच्या एकूण माऱ्यातून दीड टक्का गेला. प्रत्यक्ष लढण्याचा वेळ २५ मिनिटे असेल तर तो साधारण २३ सेकंदांनी वाढेल.

आता ही २३ सेकंदे कशाच्या शेजारी ठेवायची ते पाहा. त्या काळात मिथिक प्लसच्या, म्हणजे वेळेची मर्यादा असलेल्या डंजनच्या, घड्याळातून प्रत्येक मृत्यूमागे ५ सेकंद कापले जात, शिवाय मेलेल्या माणसाचा मारा थांबे आणि त्याला उठवण्यात वेळ जाई तो वेगळा. संपूर्ण संघ एकदा मेला तर परत धावत येण्यात आणि सावरण्यात दोन-तीन मिनिटे सहज जातात. म्हणजे जो खेळाडू आवडीचे बिल्ड घेऊन एकदाही मरत नाही, तो सर्वोत्तम बिल्ड घेऊन तीनदा मरणाऱ्यापेक्षा संघाला स्वस्त पडतो. 'टायमर चुकला तो त्याच्या बिल्डमुळे' असे म्हणण्यापूर्वी मृत्यूंची यादी उघडावी, हा माझा पहिला नियम आहे, आणि दहापैकी आठ वेळा वाद तिथेच संपतो. (हे प्रमाण माझ्या अनुभवातले आहे, कोणी मोजलेले नाही.)

वीस जणांच्या रेडमध्ये चित्र वेगळे दिसते. दोन टँक, चार हीलर आणि चौदा मारा करणारे असतील तर एकाचा वाटा सुमारे ७ टक्के होतो. त्याचे ५ टक्के म्हणजे एकूण माऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश टक्का. आठ मिनिटांच्या लढाईत त्याने पावणेदोन सेकंद वाढतात, म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण चौदाही जणांनी 'माझ्या एकट्याने काय होते' असे म्हणून तेवढीच सूट घेतली तर लढाई २५ सेकंदांनी लांबते, आणि ठरावीक वेळेनंतर बॉस बेफाम होऊन सगळ्यांना मारतो त्या एनरेजपर्यंत ती २५ सेकंदे पोचवू शकतात. रेड-लीडरला त्रास होतो तो एकट्या कोणामुळे नव्हे, तर या बेरजेमुळे होतो, आणि खेळाडूला स्वतःचीच पावणेदोन सेकंदे दिसत असल्याने दोघांनाही आपण बरोबर असल्याची खात्री असते. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे : गिल्डने आधीच ठरवावे की एका बॉससाठी अशा किती सवलती परवडतात, आणि त्या पाळीपाळीने वाटाव्यात. आमच्याकडे तीन होत्या.

दादांच्या कासवाचा हिशेबही असाच मांडला. वेग वाढवणारी शक्ती एकदा वापरली की पुढची दहा मिनिटे त्या खेळाडूंवर पुन्हा चालत नाही, म्हणजे २५ मिनिटांच्या लढाईत ती तीनदा वापरता येते. तीनदा ४० म्हणजे १२० सेकंद, आणि त्या काळात मारा ढोबळमानाने ३० टक्क्यांनी वाढतो असे धरले तर ३६ सेकंदांचे जास्तीचे काम होते. म्हणजे कासवाची किंमत अर्ध्या मिनिटाहून थोडी जास्त. ज्या डंजनमध्ये आम्ही दोन-तीन मिनिटे राखून बाहेर पडत होतो, तिथे कासवाबद्दल बोलण्याचेच कारण नव्हते. जिथे २० सेकंदांनी टायमर चुकत होता, तिथे होते. तुमचा संघ अलीकडे किती वेळ राखून जिंकतो किंवा किती फरकाने हरतो, हा आकडा माहीत असल्याशिवाय बिल्डवर चर्चा करू नये.

ज्याची टक्केवारी निघत नाही ते

काही गोष्टी मात्र अशा हिशेबात बसत नाहीत, कारण त्या एक तर असतात किंवा नसतात. मंत्र तोडणे, ज्याला खेळाडू किक म्हणतात. लढाई चालू असताना मेलेल्याला उठवणे. शाप किंवा विष उतरवणे. एका शत्रूचा जीवघेणा मंत्र तोडायला तिसरी किक लागते आणि ती कोणाकडेच नाही, तर बाकीच्यांनी दहा टक्के जास्त मारूनही उपयोग नसतो. 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२२ मध्ये, टॅलेंटची जुन्या धर्तीची झाडे, म्हणजे फांदीफांदीने गुण निवडण्याच्या मांडण्या, परत आली तेव्हा अशी अनेक कामे ऐच्छिक झाली : मेजला शाप उतरवणे आणि बॅलन्स प्रकारच्या ड्रूइडला मंत्र तोडणारे 'सोलर बीम' झाडातून निवडून घ्यावे लागू लागले. या गुणांनी मारा वाढत नाही, म्हणून माऱ्याची यादी बनवणारे ते गाळतात. गंमत अशी की अशा वेळी संघाला अडचणीत आणणारा खेळाडू बहुधा हौशी नसतो, तर सर्वोत्तम यादीची हुबेहूब नक्कल करणारा असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी त्या रात्रीच्या लढाईत अशी कोणती कामे लागणार ते लिहून काढावे आणि प्रत्येक कामासमोर माणूस नेमावा. नेमलेल्या माणसाने ते टॅलेंट घेतलेच पाहिजे. तिथे आवडीचा प्रश्न येत नाही. ही कामे वाटून झाल्यावर उरलेल्या गुणांत प्रत्येकाने मोकळेपणाने निवड करावी. आमच्याकडे ही पद्धत आल्यापासून रेडच्या आधीचे अर्ध्या तासाचे भांडण दहा मिनिटांवर आले.

बदलता येणारी आणि न येणारी निवड

निवड परत फिरवता येते का, हे तपासणेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि याचे सर्वांत कडू उदाहरण म्हणजे 'शॅडोलँड्स'चे कॉव्हेनंट. नोव्हेंबर २०२० मध्ये खेळाडूंना कायरियन, व्हेंथिर, नाइट फे आणि नेक्रोलॉर्ड या चार पंथांपैकी एक निवडायचा होता. पंथाबरोबर कथा, पोशाख, वाहन, राहण्याची जागा मिळे, आणि त्याचबरोबर एक सर्वांना समान आणि एक आपल्या क्लासची (हंटर, मेज अशा पात्र-प्रकाराची) अशा दोन शक्तीही मिळत. ड्रूइडला नाइट फेंकडून 'कन्व्होक द स्पिरिट्स' मिळत असे आणि कायरियनांकडून 'किंड्रेड स्पिरिट्स'. दोन्हींची ताकद सारखी नव्हती. पंथ सोडता येत होता, पण एकदा सोडलेल्या पंथात परतणे मुद्दाम अवघड ठेवले होते. निर्मात्यांना निवडीला वजन द्यायचे होते. प्रत्यक्षात वजन पडले ते संघाच्या काट्यावर : व्हेंथिरांचा काळोखी वाडा आवडणारा खेळाडू यादीत दुसऱ्याच पंथाचे नाव पाहून नाइलाजाने तिकडे जाई आणि दोन वर्षे न आवडणाऱ्या पोशाखात काढायची तयारी करी.

याचा चटका 'कॅसल नाथ्रिया'तल्या स्लजफिस्टपाशी बसला. डिसेंबर २०२० मध्ये उघडलेल्या त्या रेडमधला हा बॉस रागाने धावत सुटतो. त्याला नेमके खांबाच्या दिशेने वळवले तर तो आदळून सुन्न होतो आणि तेवढा वेळ दुप्पट मार खातो. खांब चारच असतात. खेळाडू जोडीजोडीने साखळीने बांधलेले असतात, त्यामुळे धावपळीत जोडीदारापासून लांब जाण्याचीही सोय नसते. ज्याची मोठी शक्ती त्या सुन्न क्षणी तयार असे त्याचा पंथ सोन्याचा ठरे, आणि ज्याची ती आधीच वापरून झालेली असे त्याचा पंथ, कितीही देखणा असला तरी, त्या रात्रीपुरता ओझे होई. तोच पंथ दुसऱ्या बॉसला उत्तम चाले. पण रातोरात बदलता येत नव्हता. खेळाडूंनी वर्षभर मागणी केल्यावर नोव्हेंबर २०२१ च्या ९.१.५ या आवृत्तीत बंधने निघाली आणि वाद एका आठवड्यात थंडावला. याआधीही निर्मात्यांनी उलट टोकाचा प्रयोग केला होता : सगळे जण एकाच बिल्डची नक्कल करतात म्हणून २०१२ मध्ये टॅलेंटची झाडे काढून तिथे तीन-तीन पर्यायांच्या सहा पायऱ्या ठेवल्या. नक्कल तरीही थांबली नाही, ती फक्त सोपी झाली.

तुमच्या खेळातही हे लागू करता येते. जी निवड दोन मिनिटांत बदलता येते तिच्याबाबत हट्ट धरू नये; बॉसपुरती बदलावी, मग परत घ्यावी. जी महिनोन्महिने चिकटणार आहे ती मात्र आवडीनेच करावी, कारण याद्या दोन-तीन महिन्यांनी बदलतात आणि आपल्याला त्या पात्रासोबत रोज बसायचे असते. लोक नेमके उलटे करतात, आणि मीही केले आहे : न आवडणारा क्लास यादी पाहून घेतला, आणि तो कमाल पातळीला पोचेपर्यंत यादी उलटली होती.

दिसण्याबद्दल एक वाक्य पुरे. २०११ च्या ४.३ आवृत्तीपासून 'ट्रान्समॉग'मुळे अंगावर एक चिलखत घालून दुसऱ्याचे रूप दाखवता येते, त्यामुळे देखणेपणासाठी ताकद गमावण्याचे कारण उरलेले नाही.

बोलायचे कधी आणि कसे

मी केलेली सर्वांत मोठी चूक इथलीच आहे. रात्री दीड वाजता, सलग चौथ्यांदा सगळे मेल्यावर, घरातले उठू नयेत म्हणून दबक्या आवाजात, पण चिडून मी माइकवर म्हणालो, "दादा, ते कासव काढा हो आता, उगाच सगळ्यांचा वेळ जातोय." ते काही बोलले नाहीत. पुढची लढाई लांडगा घेऊन खेळले, आणि नंतर दोन आठवडे आलेच नाहीत. नंतर लॉग पाहिला तेव्हा त्या चारही वेळा पहिला मरणारा मी होतो.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. बिल्डबद्दल लढाईच्या मध्ये बोलायचे नाही. रेडच्या आदल्या दिवशी, गटाच्या चॅटवर नव्हे तर त्या व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोलायचे. आणि लीडरने बिल्ड मागायचे नाही, काम मागायचे. "तू ते टॅलेंट घे" यापेक्षा "शेवटच्या बॉसला ब्लडलस्ट कोणाकडेच नाही, काही करता येईल का?" असे विचारले की समोरचा स्वतःच मार्ग शोधतो. दादांना असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "एवढंच ना? बॉसच्या आधी लांडगा बोलावतो की. रस्ताभर मात्र कासव राहू दे." हंटरला पाच प्राणी हाताशी ठेवता येतात, त्यामुळे यात कोणाचे काही गेले नाही. वाटेतल्या दोन वेळांसाठी त्यांनी चामडीकाम जाणणाऱ्याकडून ड्रम बनवून घेतले. ते वाजवले की संघाचा वेग वाढतो. लांडग्यापेक्षा कमी, पण वाढतो. ड्रमचा खर्च त्यांनी कधी गिल्डकडे मागितला नाही. किंमत स्वतः भरावी असे मी वर म्हटले ते यालाच.

खेळाडूच्या बाजूनेही पथ्य आहे. आपले बिल्ड वेगळे आहे हे गटात शिरतानाच सांगावे : "मी सर्व्हायव्हल हंटर आहे, मारा थोडा कमी, पण किक चुकवत नाही, चालेल का?" नकार आला तर आभार मानून निघावे. लपवून आत शिरणे आणि पकडले गेल्यावर 'खेळ मजेसाठी असतो' असे सांगणे मात्र चुकीचे आहे, कारण उरलेल्या चौघांचीही मजा त्याच टायमरला टांगलेली असते. दुसरे म्हणजे, बदलून पाहण्याची मुदत मागावी. "तीन रात्री या बिल्डने खेळू द्या, मग लॉग एकत्र पाहू" या विनंतीला आमच्या लीडरांपैकी कोणी नाही म्हटल्याचे आठवत नाही. लॉग पाहताना आधी मृत्यू, मग नेमलेली कामे, आणि मग मारा, असा क्रम ठेवावा.

दुसऱ्या खेळांत तपशील बदलतात. 'फायनल फँटसी १४'मध्ये टॅलेंट नाहीत आणि एकच पात्र सगळे जॉब (पात्र-प्रकार) शिकू शकते, शिवाय संघात निरनिराळ्या प्रकारच्या भूमिका असल्या तर खेळच सर्वांना थोडी जास्तीची ताकद देतो. त्यामुळे तिथला वाद जॉबपुरता आणि सौम्य असतो. 'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड'मध्ये १४ प्रकारच्या शस्त्रांतले कोणतेही घ्या, कोणी विचारत नाही, पण बहुतेक मोहिमांत चौघांत मिळून तीनदा बेशुद्ध पडलात की मोहीम संपते, म्हणून तिथे शस्त्रापेक्षा अंगावरच्या चिलखताचा हिशेब मांडावा. 'बीजीएमआय'च्या चौघांच्या स्क्वाडमध्ये तिघे एम४१६ घेऊन एकजण एकेएम धरून बसला, तर त्याच्या ७.६२ च्या गोळ्यांवर कोणी हक्क सांगत नाही, पण शेवटच्या वर्तुळात त्याच्या गोळ्या संपल्या तर इतरांच्या ५.५६ त्याच्या कामी येत नाहीत. त्याने बॅगेत ग्रेनेड कमी आणि गोळ्या जास्त ठेवाव्यात आणि हे उडी मारण्यापूर्वीच सांगावे.

आणि एवढे करूनही जमत नसेल तर गट बदलावा. गिल्डला मिथिकचा शेवटचा बॉस हवा आहे आणि तुम्हाला कासवाबरोबर हिंडायचे आहे, तर दोघांपैकी कोणाचेच चुकलेले नाही. आमच्याकडची ताई असेच सांगून दुसऱ्या, अधिक कडक गिल्डमध्ये गेली, आणि शनिवारी अजूनही आमच्याबरोबर जुनी डंजने खेळायला येते.

२०२४ मध्ये 'द वॉर विदिन' आले आणि तबेल्यात प्राण्याचे कौशल्य बदलून देण्याची सोय झाली. कोणत्याही जातीला फेरॉसिटी देता येऊ लागली. दादांनी पहिल्याच रात्री कासवाला ती दिली आणि बॉससमोर उभे राहून ब्लडलस्ट कासवाकडून लावून दाखवले. त्यांच्या बॅगेत ड्रमचे अकरा नग तसेच पडून होते. विका म्हटले, तर म्हणाले, असू देत.